स्विचवर शेजारी दिसत नाही: एलएलडीपीची यादी रिकामी येते तेव्हा काय काय बघायचं

पुणे-पिंपरी भागात छोटे कारखाने, दवाखाने, शाळा यांच्या नेटवर्कची एएमसी (वार्षिक देखभालीचं कंत्राट) बघतो, आणि एलएलडीपीची (केबलच्या पलीकडे कोणता डबा आहे हे स्विचला कळण्याची पद्धत) यादी रिकामी येते ह्या एका तक्रारीसाठी इतक्या वेळा रॅकसमोर उभा राहिलोय की आता फोनवरच निम्मं निदान होतं. म्हटलं एकदा सगळं नीट लिहून ठेवावं. कमांड बोलताना म्हणतो तशा देवनागरीत लिहिल्यात, टाइप अर्थातच इंग्रजीत करायच्या.

लक्षणं

आधी तुमचं दुखणं ह्यातलं कुठलं ते बघा, कारण प्रत्येकाचं मूळ वेगळं असतं.

- लिंकची लाईट हिरवी, पिंग जातोय, नेट चालू, पण "शो एलएलडीपी नेबर्स" मारलं की खाली "टोटल एंट्रीज डिस्प्लेड: ०". किंवा सरळ "एलएलडीपी इज नॉट एनेबल्ड" असंच येतं.
- कोर (मधल्या मुख्य) स्विचवर खालचा स्विच दिसतो, पण खालच्यावर कोर दिसत नाही. किंवा उलटं.
- शेजारी दिसतो, दोन मिनिटांनी गायब, परत येतो.
- एकाच पोर्टवर दोन-तीन शेजारी.
- शेजारी आहे पण नाव नाही, नुसता मॅक ॲड्रेस (नेटवर्क पोर्टचा कारखान्यातला नंबर).
- सगळं लावलं, दिसलं, आणि लाईट जाऊन आल्यावर यादी परत कोरी.
- आयपी फोन व्हॉइस व्हीलॅनमध्ये (फोनसाठी वेगळ्या काढलेल्या नेटवर्कमध्ये) जातच नाही, डेटाचा आयपी घेऊन बसतो. नाहीतर ॲक्सेस पॉइंट सुरू होतो पण कमी पॉवरवर.

शेवटचं लक्षण पुष्कळांना ह्या विषयाचं वाटतच नाही, ते फोनवाल्या वेंडरशी भांडत बसतात. पण मूळ इथंच असतं.

दोन मिनिटं, हे चालतं कसं ते

हे कळलं नाही तर पुढच्या तपासण्या नुसत्या पाठ केल्यासारख्या होतील म्हणून सांगतो. एलएलडीपी म्हणजे आयईईईचं ८०२.१एबी स्टँडर्ड, २००५ साली आलं. त्याच्या आधी प्रत्येक कंपनीचं आपापलं होतं, सिस्कोचं सीडीपी त्यातलंच एक, जुनं आणि अजूनही भरपूर ठिकाणी चालू असलेलं. काम दोन्हींचं एकच. प्रत्येक पोर्टमधून ठराविक वेळाने एक छोटी फ्रेम बाहेर टाकायची, की मी अमुक डबा, हे माझं अमुक पोर्ट, आणि ही माहिती इतके सेकंद खरी धर. एलएलडीपीत साधारण दर ३० सेकंदाला जाते आणि १२० सेकंद धरून ठेवतात, सीडीपीत ६० आणि १८०.

आता ह्यात एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, इथे कोणी कोणाला उत्तर देत नाही. हँडशेक नाही, पोचपावती नाही. मी ओरडलो, तू ऐकलंस तर ऐकलंस. त्यामुळे एका बाजूने दिसणं आणि दुसऱ्या बाजूने न दिसणं हे अगदी शक्य आहे, आणि म्हणूनच तपासणी नेहमी दोन्ही टोकांना करायची. एकाच स्विचवर लॉगिन करून तासभर डोकं फोडणारी माणसं मी बघितलीत, आणि दोष पलीकडच्या डब्यात होता.

दुसरी गोष्ट, एलएलडीपीची फ्रेम शेजाऱ्यापर्यंतच जाते, त्याच्या पुढे जात नाही. ती ०१-८०-सी२-००-००-०ई ह्या खास पत्त्यावर जाते आणि नियमाने वागणारा कुठलाही स्विच तो पत्ता बघून फ्रेम स्वतःपाशीच ठेवतो, पुढे ढकलत नाही. सीडीपीचा पत्ता वेगळा, ०१-००-०सी-सीसी-सीसी-सीसी, आणि तो सिस्को नसलेल्या साध्या स्विचला नुसता मल्टिकास्ट वाटतो म्हणून तो पुढे सोडून देतो. हा फरक लक्षात ठेवा, पुढे मोठा कामाला येणार आहे.

१. आधी थांबा

फुकटातली तपासणी. तुम्ही आत्ताच कमांड टाकलीत आणि लगेच यादी बघितलीत तर ती रिकामीच येऊ शकते. दीड-दोन मिनिटं जाऊ द्या, सीडीपी असेल तर तीन मिनिटं. उलटंही तेवढंच खरं, पलीकडचा डबा काढला तरी मधे मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारा डबा) वगैरे असेल आणि तुमचं पोर्ट डाऊन झालं नसेल तर जुनं नाव दोन मिनिटं यादीत तसंच राहतं. भुताटकी नाही, होल्ड टाइम संपायचा असतो. "शो एलएलडीपी नेबर्स डिटेल" मध्ये उरलेल्या वेळेचा आकडा असतो तिकडे नजर ठेवा, आकडा १२० च्या आसपास परत परत भरला जात असेल तर शेजारी जिवंत आहे. आकडा ४०, ३०, २० असा खालीच चाललाय तर फ्रेम येणं बंद झालंय.

२. चालू आहे का, आणि दोघं एकच भाषा बोलतात का

सर्वात जास्त वेळा इथंच मिटतं. सिस्कोच्या बऱ्याच कॅटलिस्टवर सीडीपी कंपनीतून चालू येतं आणि एलएलडीपी बंद. शेजारी एचपी-अरुबाचा स्विच असेल तर त्याच्यावर एलएलडीपी चालू येतं. झालं, एक कन्नड बोलतोय आणि एक गुजराती, दोघं आपापल्या जागी बरोबर. सिस्कोवर कॉन्फिगर टर्मिनलमध्ये जाऊन "एलएलडीपी रन" एवढी एक ओळ टाकायची. नेक्ससवाला डबा असेल तर "फीचर एलएलडीपी" टाकावं लागतं, "एलएलडीपी रन" तो घेत नाही. जुनिपरच्या ईएक्स स्विचवर कंपनीच्या कॉन्फिगमध्ये "प्रोटोकॉल्स एलएलडीपी इंटरफेस ऑल" असतंच, पण कोणी आपलं तयार कॉन्फिग वरून पेस्ट केलं की ती ओळ उडते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

मायक्रोटिकवर जरा वेगळं आहे. तिथे आयपीच्या खाली नेबर्समध्ये डिस्कव्हरी सेटिंग्ज असतात आणि त्यात कुठल्या इंटरफेस-यादीवर बोलायचं ते दिलेलं असतं. घरगुती राउटरच्या डिफॉल्ट कॉन्फिगमध्ये ती यादी लॅनची असते, म्हणजे वॅन पोर्टला लावलेलं काही दिसणार नाही, आणि ते तसंच असलेलं बरं.

वेब पॅनेलवाले मॅनेज्ड स्विच असतील तर मेनूत एलएलडीपी असं पान शोधा आणि वरचं ग्लोबल बटण आणि खालची पोर्टची यादी दोन्ही बघा. वरचं चालू, खाली पोर्ट बंद, असं खूपदा सापडतं.

माझं मत विचाराल तर सगळीकडे एलएलडीपी चालू करावं, सगळा माल सिस्कोचा असला तरीही. उद्या एक ॲक्सेस पॉइंट किंवा कॅमेऱ्याचा स्विच दुसऱ्या कंपनीचा येतोच येतो.

३. पोर्टवर कोणी तोंड किंवा कान बंद केलाय का

ग्लोबल चालू असूनही एखाद्याच पोर्टवर दिसत नसेल तर "शो एलएलडीपी इंटरफेस" आणि पुढे पोर्टचं नाव. टीएक्स एनेबल्ड, आरएक्स एनेबल्ड असं दोन्ही पाहिजे. टीएक्स म्हणजे तोंड, आरएक्स म्हणजे कान. सिक्युरिटी ऑडिट झालेल्या जागी कोणीतरी पोर्टच्या रेंजवर "नो एलएलडीपी ट्रान्समिट" आणि "नो एलएलडीपी रिसीव्ह" टाकून गेलेलं असतं आणि त्या रेंजमध्ये अपलिंकही (दुसऱ्या स्विचकडे जाणारी जोडणी) सापडलेली असते. ह्या तपासणीने "एका बाजूनेच दिसतं" हे लक्षण लगेच उलगडतं, ज्या बाजूला दिसत नाही त्या बाजूचा कान बघा आणि समोरच्याचं तोंड बघा, बास.

पोर्ट-चॅनेल (दोन-तीन केबल एकत्र बांधून केलेलं एक पोर्ट) असेल तर लक्षात घ्या की एलएलडीपी आतल्या खऱ्या पोर्टांवर चालतं, बांधलेल्या पोर्टवर नाही, त्यामुळे दोन केबल असतील तर दोन ओळी दिसणार, ते चुकीचं नाही. स्पॅनिंग ट्रीने (लूप टाळणारा प्रोटोकॉल) ब्लॉक केलेल्या पोर्टवरही शेजारी दिसतो, त्याला घाबरू नका, उलट कुठली केबल लूप करतेय हे शोधायला तेच कामाला येतं. आणि कॅटलिस्टवर पोर्ट डॉट-वन-क्यू टनेल (दुसऱ्याचे व्हीलॅन जसेच्या तसे आरपार नेणारं) केलेलं असेल तर तिथे एलएलडीपी आपोआप बंद होतं, त्याच्याशी झगडू नका.

४. सेव्ह केलंय का

हे वेगळं लिहितोय कारण "परत परत येणारा" दोष म्हणतात तो बहुतेक वेळा हाच.

भोसरीत गुरुवारी कारखान्यांना सुट्टी, त्या दिवशी लाईटही पुष्कळदा बंद असते. तिथल्या एका वर्कशॉपातून लागोपाठ तीन शुक्रवारी सकाळी फोन, की मॉनिटरिंगच्या नकाशात सगळे स्विच सुटे सुटे दिसतायत, रेषाच नाहीत. त्यांचं सॉफ्टवेअर शेजाऱ्यांची यादी वाचून रेषा काढायचं. दर वेळी त्यांच्याकडचा मुलगा रिमोटने एलएलडीपी चालू करायचा आणि दुपारपर्यंत नकाशा परत नीट. तिसऱ्या शुक्रवारी मी गेलो आणि आधी रनिंग कॉन्फिग बघितलं, मग स्टार्टअप कॉन्फिग बघितलं. पहिल्यात "एलएलडीपी रन", दुसऱ्यात नाही. एवढंच. "कॉपी रन स्टार्ट" मारलं, मग त्याच मुलाला हाताशी घेऊन सात स्विचवर एकेक करून मारायला लावलं, आणि पुढच्या गुरुवारनंतर फोन आला नाही. त्याची चूक म्हणणार नाही मी, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की स्क्रीनवर दिसतं ते मेमरीत गेलेलं नसतं.

वेब पॅनेलवाल्या काही स्विचना तर अप्लाय वेगळं आणि सेव्ह वेगळं असतं, सेव्हचं बटण कोपऱ्यात छोटंसं. ते दाबल्याशिवाय उठायचं नाही.

५. मधे काही बसलंय का

आता थोडे पाय हलवावे लागतील. वरचं सगळं दोन्ही बाजूंना बरोबर आहे, तरी शेजारी नाही, म्हणजे बहुधा मधे असा एखादा डबा आहे जो ड्रॉइंगमध्ये नाही. ओळखायची माझी पद्धत अशी:

दोन्ही टोकं सिस्को असतील तर सीडीपी पण बघा. सीडीपी दिसतंय आणि एलएलडीपी दिसत नाही, आणि दोन्ही चालू आहेत, तर मधे एक साधा स्विच आहे हे जवळजवळ नक्की समजा. वर सांगितलेला पत्त्यांचा फरक तो हाच, सीडीपी त्या डब्यातून आरपार जातं आणि एलएलडीपी तिथे अडतं. काही स्वस्त अनमॅनेज्ड स्विच मात्र नियम न पाळता एलएलडीपीही सगळ्या पोर्टांना वाटतात, आणि मग एका पोर्टवर तीन शेजारी असं दिसतं. म्हणजे शून्य दिसणं आणि तीन दिसणं ही दोन्ही त्याच डब्याची लक्षणं असू शकतात.

सीडीपी नसेल तर त्या पोर्टचं मॅक टेबल बघा, "शो मॅक ॲड्रेस-टेबल इंटरफेस" आणि पोर्ट. जिथे एकच पीसी असायला हवा तिथे सात मॅक दिसले म्हणजे टेबलाखाली कोणीतरी पाच-आठ पोर्टचा डबा लावलाय.

एकदा एका जुन्या इमारतीत दोन मजल्यांमधली अपलिंक अशीच होती. पॅच पॅनेलवर दोन्हीकडे नंबर बरोबर, टोनर (आवाजावरून केबल शोधायचं यंत्र) लावला तर आवाज मधेच विरतो. मी जिन्यात उभा राहून वर बघत होतो तर स्टोअरवाले काका म्हणाले, "अहो साहेब, त्या लिफ्टच्या बाजूला पत्र्याच्या पेटीत काहीतरी आहे बघा, हात लावला तर गरम लागतं." शिडी लावून पेटी उघडली. आत एक पाच पोर्टचा प्लॅस्टिकचा स्विच, ॲडॉप्टर इन्सुलेशन टेपने पाइपला बांधलेला, टेप उन्हाळ्यात वितळून काळी चिकट झालेली, आणि डब्यावर बोटभर धूळ, त्या धुळीखाली दोन हिरव्या लाईट लुकलुकतायत. केबल नव्वद मीटरच्या वर जात होती म्हणून कोणीतरी मधे तो टाकला असणार. वर्षानुवर्षं तो चालला आणि कोणाला माहीतही नव्हता, फक्त शेजाऱ्यांची यादी सांगत होती की इथे काहीतरी आहे. म्हणून ही यादी रिकामी आली की मी ते किरकोळ समजत नाही. नेट चालतंय ना मग सोडा असं म्हणणाऱ्याला मी ही पेटी सांगतो.

फायबर असेल तर मीडिया कन्व्हर्टरची एक गोची असते. दोन धाग्यांपैकी एक तुटला आणि कन्व्हर्टर दोष पुढे कळवणारा नसेल तर स्विचच्या तांब्याच्या पोर्टची लाईट हिरवीच राहते. अशा वेळी एका बाजूला शेजारी दिसतो, दुसऱ्या बाजूला नाही, आणि ट्रॅफिकही धड चालत नाही. आधी दोन्हीकडचे पॅच कॉर्ड बदलून बघा, एलआययूमधला (फायबर जिथे येऊन संपतो ती पेटी) कनेक्टर काढून स्वच्छ करून लावा. फायबरच्या टोकात डोळा घालून बघू नका, प्रकाश दिसत नाही म्हणजे तो नाही असं नसतं.

६. फ्रेम खरंच निघते का ते मोजा

इथवर येऊनही कळलं नाही तर अंदाज थांबवा आणि मोजा. "शो एलएलडीपी ट्रॅफिक" मध्ये बाहेर गेलेल्या, आत आलेल्या, चुकीच्या आणि टाकून दिलेल्या फ्रेमचे आकडे असतात. हे आकडे सगळ्या पोर्टांचे मिळून असतात, त्यामुळे आधी "क्लिअर एलएलडीपी काउंटर्स" करा, पाच मिनिटं थांबा, मग वाचा. आत येणाऱ्या शून्य आणि बाहेर जाणाऱ्या वाढतायत तर तुमचा डबा ठीक, समोरचा गप्प किंवा मधे अडथळा. एररचा आकडा वाढतोय तर संशय समोरच्याच्या फर्मवेअरवर.

सर्वात खात्रीचं म्हणजे लॅपटॉप. संशय असलेल्या केबलचं टोक स्विचमधून काढून लॅपटॉपला लावा, वायरशार्क (फ्रेम पकडून दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा, फिल्टरमध्ये एलएलडीपी टाका आणि घड्याळ बघा. अर्ध्या मिनिटात फ्रेम आली पाहिजे. आली तर पलीकडचा बोलतोय, तुमचा स्विच बहिरा आहे. नाही आली तर स्विचला हात लावायची गरजच नाही, त्या टोकाला चला. लिनक्सवाले टीसीपीडंपमध्ये इथर प्रोटो ०एक्स८८सीसी असा फिल्टर लावतात. केबल काढण्याआधी मात्र त्या केबलवर कोण आहे ते विचारा, चालू बिलिंग काउंटरची केबल ओढली तर पुढचा अर्धा तास सगळं सोडून तेच निस्तरावं लागतं.

"डीबग" कमांड कोर स्विचवर दिवसाढवळ्या लावू नका. सीपीयू आधीच भरलेला असेल तर अख्खं ऑफिस खाली येतं.

७. पलीकडे सर्व्हर असेल तर

सर्व्हर आपोआप बोलत नाहीत. लिनक्सवर एलएलडीपीडी नावाची सेवा टाकून चालू करावी लागते, मग "एलएलडीपीसीटीएल" ने त्याच्याकडून शेजारी बघता येतो.

आता तीन सापळे, तिन्हींत माझे दिवस गेलेत. इंटेलचं एक्स७१० घराण्यातलं नेटवर्क कार्ड असेल तर त्या कार्डाच्या फर्मवेअरमध्येच एक एलएलडीपी एजंट असतो, तो स्विचकडून आलेली फ्रेम आतच खाऊन टाकतो, ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंत पोचूच देत नाही. वर स्विचला स्वतःची फ्रेम पाठवतो ज्यात मशीनचं नाव नसतं, म्हणून स्विचवर नुसता मॅक दिसतो. "इथटूल" मधून "डिसेबल-एफडब्ल्यू-एलएलडीपी" हा प्रायव्हेट फ्लॅग ऑन केला की मोकळं होतं. पण त्या सर्व्हरचं स्टोरेज ह्याच कार्डावरून डीसीबी (स्टोरेजसारख्या ट्रॅफिकला वेगळी वागणूक देणारी व्यवस्था) वापरून चालत असेल तर हात लावू नका, स्टोरेजवाल्याला विचारा.

दुसरा, व्हीएमवेअर. साधा स्टँडर्ड व्ही-स्विच फक्त सीडीपी बोलतो, आणि तोही डिफॉल्टला नुसता ऐकतो. एलएलडीपी हवं तर डिस्ट्रिब्युटेड स्विच लागतो. त्यामुळे स्टँडर्डवर एलएलडीपी शोधत बसू नका, सीडीपीची सेटिंग "बोथ" करा.

तिसरा लॅबवाल्या पोरांसाठी. सीसीएनएची तयारी करताना लिनक्स ब्रिजमधून दोन व्हर्च्युअल स्विच जोडता आणि एलएलडीपी दिसत नाही. दिसणार नाहीच, लिनक्सचा ब्रिजही तो पत्ता पुढे सोडत नाही. ब्रिजच्या "ग्रुप_फॉरवर्ड_मास्क" मध्ये (फाइलच्या नावात तो "ग्रुप_एफडब्ल्यूडी_मास्क" असा आखडून लिहिलेला असतो) १६३८४ लिहा, मग जातं. कॉन्फिग तुमचं बरोबरच असतं, उगाच स्वतःवर शंका घेऊ नका.

८. नाव अर्धवट किंवा सारखंच दिसतं

हा दोष नाही पण फोन येतात. सिस्कोच्या छोट्या यादीत नाव २० अक्षरांवर कापलं जातं. शहर, प्लांट, मजला, रॅक असं लांबलचक नाव ठेवलं आणि नंबर शेवटी टाकला तर सगळे स्विच एकाच नावाचे दिसतात. शेवटी "डिटेल" जोडून बघा, पूर्ण येतं. नाव ठेवतानाच वेगळेपणाचा भाग पुढे घ्या. आणि होस्टनेम दिलंच नसेल तर दहा जण "स्विच" ह्याच नावाने दिसणार, ते आधी बदला.

९. फोन आणि ॲक्सेस पॉइंट

फोनला व्हॉइस व्हीलॅनचा नंबर एलएलडीपी-मेड ह्या जोडणीतून मिळतो. पोर्टवर "स्विचपोर्ट व्हॉइस व्हीलॅन २०" लिहिलंय पण ग्लोबल एलएलडीपी बंद आहे, तर सिस्को नसलेल्या फोनला तो नंबर सांगणारं कोणी नाही. मग तो डेटाच्या डीएचसीपीकडून आयपी घेतो आणि सर्व्हरला सापडत नाही. स्विच मेडची माहिती फोनने आधी स्वतःची ओळख दिल्यावरच पाठवायला लागतो, म्हणून फोनच्या मेनूतही एलएलडीपी चालू आहे ना बघा, चालू केल्यावर फोन एकदा पूर्ण बंद करून चालू करा.

ॲक्सेस पॉइंटचं (एपीचं) तसंच. केबलमधूनच वीज देण्याच्या (पीओई) जुन्या ८०२.३एएफ स्टँडर्डमध्ये पोर्ट १५.४ वॉट देतं, एटीमध्ये ३० पर्यंत. मोठे एपी जास्तीची पॉवर एलएलडीपीतून मागतात. मागणी ऐकणारा नसेल तर काही एपी १५.४ वरच राहतात आणि एखादा रेडिओ किंवा यूएसबी बंद ठेवतात. ग्राहक म्हणतो वायफाय कमजोर, एपी बदलून द्या. "शो पॉवर इनलाइन" मध्ये आकडा बघा, १५.४ दिसला की आधी एलएलडीपी, मग एपी. नवीन एपीचे पैसे वाचतात लोकांचे, म्हणून हे मोठ्याने सांगतो.

बाहेरच्या पोर्टवर बंदच ठेवा

सगळीकडे चालू करा म्हटलं त्याला हा अपवाद. ही फ्रेम मॉडेल, व्हर्जन, मॅनेजमेंटचा आयपी सगळं उघड सांगते. इंटरनेट देणाऱ्याकडे जाणारं पोर्ट, पाहुण्यांसाठीचं पोर्ट, रिसेप्शनमधलं भिंतीतलं सॉकेट, इथे ट्रान्समिट आणि रिसीव्ह दोन्ही बंद. २०२० च्या फेब्रुवारीत सीडीपीमधल्या पाच त्रुटी एकदम जाहीर झाल्या होत्या, सीडीपीवॉन नावाने, त्यात नुसती वेडीवाकडी फ्रेम पाठवून डबा ताब्यात घेता येत होता. त्यानंतर फर्मवेअर अपडेट केलंच नसेल तर ते करून घ्या, शेजारी दिसो वा न दिसो.

कुठे थांबायचं

- कोर स्विचचं फर्मवेअर बदलावं लागेल असं वाटलं तर. स्टॅक असेल तर नक्कीच. बॅकअप, परत मागे यायची वाट आणि डाउनटाइम हे तिन्ही हातात नसताना एकट्याने करू नका.
- फायबरचा धागा तुटलाय असं वाटलं तर. त्याला ओटीडीआर (धागा कुठे तुटलाय ते दाखवणारं यंत्र) आणि स्प्लायसिंगवाला (धागा जोडणारा) लागतो, घरगुती उपाय नाही.
- डबा किंवा ॲडॉप्टर गरम, जळका वास, पीओई पोर्ट एकामागून एक जातायत. आधी वीज बंद, मग इलेक्ट्रिशियन.
- मधला डबा इंटरनेट कंपनीचा किंवा इमारतीच्या सोसायटीचा असेल तर. तो तुमचा नाही, त्याला रिसेट करू नका.
- शेजारी येतो-जातो आणि लॉगमध्ये पोर्ट अप-डाऊन किंवा स्पॅनिंग ट्री बदलल्याच्या ओळी सतत येतायत. तिथे एलएलडीपी हा फक्त धूर आहे, आग लूपची किंवा केबलची आहे, चालू ऑफिसात प्रयोग करू नका.

बोलावण्याआधी दोन्ही टोकांचं "शो एलएलडीपी नेबर्स डिटेल", "शो एलएलडीपी इंटरफेस", त्या पोर्टचं मॅक टेबल आणि लॉगच्या शेवटच्या पन्नास ओळी टेक्स्ट फाइलमध्ये घेऊन पाठवा, मोबाईलने स्क्रीनचा तिरका फोटो नको. आणि दोन टोकांमध्ये केबल कुठून कुठून जाते ते इमारतीतल्या जुन्या माणसाला विचारून एका कागदावर काढून ठेवा. येणारा माणूस मग शिडी आणायची की स्प्लायसिंग मशीन हे निघतानाच ठरवतो, आणि तुमचा एक फेरा वाचतो.